नोटीस कुणाच्या दारात?

माझा मोठा भाऊ राजापुरातल्या एका पतपेढीत कारकून म्हणून लागला आणि व्यवस्थापक होऊन निवृत्त झाला. माझी लेक पुण्यात एका स्टार्टअपमध्ये प्रोग्रॅमर आहे. आता ती नोकरी सोडून कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर स्वतःची कंपनी काढते आहे. छोट्या पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचं, असा दोघींचा बेत. यंदा दिवाळीला आम्ही राजापूरला गेलो तेव्हा तिच्या बॅगेत एका गुंतवणूक फंडाची टर्म शीट, म्हणजे अटींचा मसुदा, होती. ती मामाने वाचावी असं तिला वाटत होतं, कारण पतपेढी आतून पाहिलेला दुसरा माणूस तिच्या ओळखीत नाही. वाचन राहिलं बाजूला आणि दोघांची जुंपली. ज्या घरातलं मूल धंदा काढायचं म्हणतं त्या घरात हा वाद होतोच, आणि बहुतेक वेळा 'हातची नोकरी सोडू नकोस' इथेच थांबतो. या दोघांनी तो पुढे नेला, म्हणून लिहिते आहे.

दादाने कागद न उघडताच सुरुवात केली. "कैलास काटकरांबद्दल तुला काय ठाऊक आहे?"

"क्विक हीलचे? कॉलेजात त्यांची गोष्ट सांगायचे. दहावीनंतर शिक्षण सोडलं, कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, आणि मग अँटिव्हायरसची एवढी मोठी कंपनी झाली."

"'आणि मग' म्हणून जे गाळलंस ना, तेच मला ऐकायचंय."

ते तिला सांगता येईना. दादाला मात्र सगळं पाठ. काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचे, वाढले पुण्यात. १९८५ मध्ये कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागला. १९९० मध्ये मंगळवार पेठेत १५,००० रुपये घालून त्याने स्वतःचं दुकान थाटलं. बँकांमधली यंत्रं दुरुस्त करायला जाताना संगणक त्याच्या नजरेस पडला, आणि उद्याचं काम यात आहे हे त्याने ओळखलं. धाकट्या भावाला, संजयला, त्याने संगणकशास्त्र घ्यायला लावलं. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस असायचे आणि संजयच्या कॉलेजच्या लॅबमध्येही तेच. त्याने एकेका व्हायरससाठी छोटी छोटी अवजारं लिहिली. १९९५ मध्ये त्यांतूनच क्विक हील झालं. पुण्याबाहेरची पहिली शाखा नाशिकला निघाली ती नवं शतक उजाडल्यावर. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, आणि बाहेरचा मोठा पैसा, सिक्वोया या फंडाचे ६० कोटी, आला २०१० मध्ये.

"म्हणजे बघ," दादा म्हणाला, "१९८५ ला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि २०१० ला गुंतवणूकदार दारात आला. मधली पंचवीस वर्षं तो माणूस गिऱ्हाइकाच्या पैशावर जगला. तुझी कंपनी अजून नोंदलेलीही नाही आणि तू गुंतवणूकदाराचे कागद घेऊन आलीस."

लेक चिडली नाही. "मामा, त्या वेळी पुण्यात दुरुस्तीची अशी दुकानं किती असतील? क्विक हील एकच झालं. बाकीच्यांची गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून तुला वाटतं, की थांबलं की होतंच."

"बाकीच्यांची मी सांगतो. त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या दुकानावर घर चालवलं, मुलांची शिक्षणं केली, बहिणींची लग्नं केली. तुझ्या फंडाच्या वहीत ती सगळी दुकानं बुडीत खाती जमा होतील. माझ्या वहीत ती चांगली खाती आहेत."

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. स्टार्टअपच्या जगात जी कंपनी शंभरपट होत नाही ती फसली, असं धरून चालतात. फंड दहावीस ठिकाणी पैसे लावतो आणि त्यांतल्या एकदोन कंपन्यांनी बाकीच्यांचा तोटा भरून काढावा, अशी त्याची मांडणी असते. फंडाच्या बाजूने ती बरोबरच आहे. पण कंपनी काढणाऱ्या मुलीजवळ दहावीस आयुष्यं नसतात. तिने फंडाचं गणित आपलं म्हणून उचललं, तर चांगलं चाललेलं लहान दुकानही तिला अपयश वाटू लागतं.

लेकीचं उत्तरही तयार होतं. "आणि कॅल्क्युलेटर गेले तेव्हा त्या चांगल्या खात्यांचं काय झालं?"

दादाने तो मुद्दा मान्य केला आणि वेगळ्या वाटेने आला. पतपेढीत पहिला संगणक आला तेव्हाची हकिगत त्याने सांगितली. दिवसाचा बॅकअप फ्लॉपीवर घ्यायचा. तीच फ्लॉपी ऑडिटरकडे जायची, तिथे चार ठिकाणच्या संगणकांत फिरायची आणि परत येताना व्हायरस घेऊन यायची. मायकेलअँजेलो नावाचा एक व्हायरस तर वर्षभर गप्प राहून ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचा. मार्चअखेर तोंडावर आणि व्याज आकारणी अर्धवट! तेव्हा गावातला संगणक दुरुस्त करणारा पोरगा क्विक हीलचा एक खोका घेऊन आला, म्हणाला, हे टाकून घ्या. टाकलं. "कंपनी पुण्याची की अमेरिकेची, कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या पोराने दिलं म्हणून घेतलं. काटकर स्वतः दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला माणूस, त्याला ठाऊक होतं की गावोगावचा दुरुस्तीवाला म्हणेल तेच लोक घेतात. त्याने माल त्यांच्या हाती दिला. हे कुठल्या फंडाने शिकवलं नव्हतं."

"मग मी काय वेगळं करतेय? मे महिन्यात तुझ्या पतपेढीत बसून मी काय बघत होते?"

ती काय बघत होती ते मला माहीत आहे, कारण रोज संध्याकाळी घरी येऊन ती सांगायची. रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट सकाळी निघतो. जवाहर चौकातली टपरी, भाजीवाली, मासळीवाली, रिक्षावाले. कुणाचे ५० रुपये, कुणाचे १००. हातातल्या छोट्या मशीनवर खातेनंबर दाबायचा, रक्कम दाबायची, चिठ्ठी फाडून द्यायची. संध्याकाळी पतपेढीत येऊन ते मशीन संगणकाला जोडायचं आणि दिवसाचा आकडा उतरवायचा. मग रोकड मोजायची. वीस रुपयांचा फरक आला की सगळे थांबतात. एजंट चिठ्ठ्या उलगडत बसतो, कॅशियर पुन्हा मोजतो, आणि जमेल तेव्हा पतपेढीचं दार बंद होतं. भाजीवालीला मात्र आपल्या खात्यात किती साठले ते कळायला पासबुक भरून घ्यावं लागतं, आणि ते भरायला ती महिनोन् महिने येत नाही. मध्येच एजंटाने पैसे वापरले तर तिला कळतं ते फार उशिरा. लेकीचं सॉफ्टवेअर या एका जागी काम करतं. रक्कम दाबली की त्याच क्षणी खातेदाराच्या फोनवर मराठीत मेसेज जातो. सड्यावरच्या वाड्यांत रेंज नसते, तिथे नोंद मशीनमध्येच राहते आणि रेंज आली की पुढे जाते. मधल्या वेळेत ती कुणालाही बदलता येत नाही.

"हे चांगलं आहे," दादा म्हणाला. तो सहसा असं म्हणत नाही. "पण तुझा सगळा डेटा क्लाउडवर. त्याची किल्ली कुणाकडे? कॉसमॉस बँकेचं आठव."

ऑगस्ट २०१८ मधली ती घटना सहकारातला माणूस विसरणार नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांनी व्हायरस घुसवला, बनावट यंत्रणेकडून एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी मिळवली आणि २८ देशांतून पैसे काढले. वर हाँगकाँगच्या एका खात्यात रक्कम वळवली. एकूण ९४ कोटींहून अधिक. बँक शंभर वर्षांहून जुनी आणि संगणकाची माणसं तिच्या पदरी होती. पतपेढीत तर तेवढंही नसतं. शिवाय बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तेही नाही. तिथे माणूस पैसे ठेवतो ते काउंटरपलीकडच्या चेहऱ्याकडे बघून.

"कॉसमॉसचा सर्व्हर काही क्लाउडवर नव्हता, मामा. आणि तुमचा सर्व्हर कुठे असतो? तळमजल्यावर. अर्जुना आणि कोदवली नद्यांना पाणी चढलं की पहिलं काम काय, तर संगणक उचलून माडीवर न्यायचे. जवाहर चौकात पाणी येतं हे ठाऊक असून वर्षानुवर्षं ठेवीदारांच्या नोंदी आपण त्याच चौकात ठेवतो. किल्लीचा प्रश्न बरोबर आहे. ती नीट सांभाळायची तर सुरक्षेचा जाणकार माणूस पगारावर ठेवावा लागतो. त्याचा पगार दोन पतपेढ्यांच्या वार्षिक देखभालीच्या पैशातून निघत नाही. म्हणून मला पैसा लागतो. ऑफिस सजवायला नको आहे तो."

इथून वाद पैशावर आला. दादाने पहिल्यांदा कर्जाचं नाव काढलं: मुद्रा योजना आहे, तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून सरकारची सीजीटीएमएसई हमी योजना आहे, व्याज भरायचं आणि मालकी आपल्याकडे ठेवायची. लेकीने विचारलं, "तुझ्याच पतपेढीत मी अर्ज केला असता तर दिलं असतंस?"

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाही. तारण काय लिहिणार?"

सॉफ्टवेअरला तारण नाही हे खरंच. लॅपटॉप दोन वर्षांत जुना होतो, आणि जे काही बनतं ते दोघींच्या डोक्यात असतं. घर-जमीन म्हणावी, तर कोकणातल्या सातबाऱ्यावर एवढ्या सहहिस्सेदारांची नावं असतात, की निम्मे मुंबईत आणि काही हयातही नाहीत. सगळ्यांची संमती आणून कर्ज काढायचं म्हटलं तर अर्धं आयुष्य तलाठ्याच्या दारात जाईल. राजापूरच्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या मुंबई गाठली त्याला बाकी कारणं होतीच, पण धंद्याला भांडवल उभं करायची सोय इथे नव्हती हेही एक होतं.

"आणि समजा, दिलंस," लेक म्हणाली. "जामीनदार कोण? आई? बाबा? तू? माझा धंदा बुडाला तर तुझ्या पतपेढीने काय केलं असतं? सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला घेतला असता आणि जामीनदाराच्या दारात नोटीस लावली असती. तूच सांगायचास ना, कुणाच्या भावाने सही केली म्हणून त्याच्या पगारातून वर्षानुवर्षं हप्ता कापला गेला? फंडाचा पैसा बुडाला तर आपल्या दारात कुणी येत नाही. ज्याने धोका पत्करला त्याचा तोटा. मला हे जास्त न्यायाचं वाटतं."

माझ्या भावाने अशा नोटिसांवर सह्या केल्या आहेत. थकबाकीदार गाव सोडून गेलेला आणि जामीनदार राहिलेला, शेजारचा, रोज भेटणारा. वसुली झाली नसती तर ठेवीदारांचे पैसे गेले असते, म्हणून त्याने ते काम केलं. पण त्या घरांवरून जाताना तो वाट बदलायचा, हे मी पाहिलं आहे. भाचीच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने टर्म शीट मागितली आणि चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचायला बसला.

फंड २ कोटी घालणार आणि २० टक्के हिस्सा घेणार, असं पहिल्याच पानावर होतं. तिसऱ्या पानावरच्या कलमाखाली त्याने रेघ मारली. कंपनी विकली गेली तर आधी फंडाने आपले २ कोटी तरी उचलावेत किंवा हिश्शाप्रमाणे जे येईल ते, दोन्हींतलं जे जास्त असेल ते. "हा तर पहिला बोजा झाला," तो म्हणाला आणि समासात हिशेब मांडला. कंपनी ३ कोटींना विकली तर फंडाला २, उरलेल्या १ कोटीत दोघी मैत्रिणी आणि नोकर. १० कोटींना विकली तर बोजा आणि हिस्सा सारखाच, २ कोटी. ५० कोटींना विकली तर फंडाला १० आणि बाकी ४०. "म्हणजे १० कोटींच्या वर गेलीस तर तो भागीदार. खाली राहिलीस तर सावकार."

"सावकार नाही. २ कोटीही आले नाहीत तर उरलेले तो मागत नाही."

"ते मान्य. आणि हे काय? तुझे शेअर तुलाच चार वर्षांत थोडे थोडे मिळणार? कंपनी तुझी ना?"

तिने समजावलं की हे कलम दोघी मैत्रिणींच्या एकमेकींच्या भल्यासाठीही आहे. सहा महिन्यांत एक लग्न करून परदेशी गेली आणि अर्धी मालकी घेऊन गेली, तर मागे राहिलेलीने कुणासाठी राबायचं? दादाला हे चटकन पटलं. भागीदारीची भांडणं त्याने पतपेढीत खूप पाहिली होती. न पटलेली गोष्ट दुसरीच होती. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते, त्यालाही कुणीतरी पैसे दिलेले असतात आणि ते परत करायचे असतात, हे लेकीनेच सांगितलं.

"म्हणजे त्यांच्याकडेही मुदत ठेवच आहे," दादा म्हणाला. "मुदत संपत आली की ते तुला विकायला लावणार. तुझ्या भाजीवालीची मुदत वेगळी. तिला पोरीच्या लग्नापर्यंत ते खातं हवं. या दोन मुदती जुळल्या नाहीत तर तू कुणाचं ऐकणार?"

पुढे त्याने राजापूरची जुनी हकिगत काढली. इथे इंग्रजांची वखार होती. पैसा लंडनच्या भागधारकांचा, हुकूम सुरतेच्या कौन्सिलचा, आणि धोका इथल्या माणसांचा. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने तोफगोळे डागायला गेला, तोही इंग्रजांचं निशाण लावून. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैद केलं. कैदेतून त्यांनी सुरतेला पत्रांवर पत्रं लिहिली. सुरतेने कळवलं, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेले नाही. पन्हाळ्यावर गोळे उडवायला गेलात त्याचं फळ भोगता आहात. नुकसानभरपाईसाठी मात्र कंपनी पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिली, आणि १६७४ च्या तहात राजापूरच्या नुकसानीचं कलम आलंच. "माणसांना वाऱ्यावर सोडलं, मालाचा पैसा सोडला नाही," दादा म्हणाला. "दुरून आलेला पैसा असा असतो. नाणार-बारसूला रिफायनरीवरून आपला तालुका दुभंगला, तेव्हाही मला हेच आठवत होतं."

"पण मामा, यात सुरतवाल्यांचं काय चुकलं? व्यापाराला पाठवलेला माणूस कुणाला न विचारता लढाईला गेला. मी उद्या भाजीवालीच्या ठेवी दुसऱ्याच धंद्यात लावल्या, तर माझ्या गुंतवणूकदाराने मला सोडवायला यावं का? दुरून आलेल्या पैशाला निदान हिशेब तरी द्यावा लागतो. आपल्याकडे पतसंस्था बुडाल्या त्या दुरून आलेल्या पैशाने बुडाल्या का? संचालकांनी आपल्याच सोयऱ्यांना कर्जं वाटली म्हणून बुडाल्या."

तिचं हे बोलणं दादाला लागलं, पण त्याने ते खोडलं नाही. महाराष्ट्रात बुडालेल्या पतसंस्थांचा इतिहास त्याला माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच विषयावर आला. रात्री त्याने काहीतरी वाचलं असावं. "तू म्हणालीस, फंडाचा पैसा बुडाला तर नोटीस कुणाच्याच दारात जात नाही. मग टायनीआउलच्या वेळी ती कुणाच्या दारात गेली?"

मुंबईची ही कंपनी आयआयटीतून बाहेर पडलेल्या मुलांनी २०१४ मध्ये काढली होती. घरबसल्या जेवण मागवायचं ॲप. वर्षभरात मोठमोठ्या फंडांचे पैसे आले, आणि त्यांत क्विक हीलमध्ये पैसे घातलेलं सिक्वोयाही होतं. शहरामागून शहरात ऑफिसं निघाली, माणसं भरली. २०१५ मध्ये पैसा आखडला आणि नोकरकपात सुरू झाली. नोव्हेंबरात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जण पुण्याच्या ऑफिसात माणसांना काढायला आला, तेव्हा आपले पैसे बुडणार या भीतीने कर्मचाऱ्यांनी त्याला दोन दिवस बाहेर पडू दिलं नाही. पोलिस आले. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

"फंड तोच," दादा म्हणाला. "काटकरांकडे तो क्विक हील निघाल्यावर पंधरा वर्षांनी गेला, तेव्हा कंपनीला स्वतःचे पाय होते. या पोरांकडे तो पायांच्या आधी पोचला. तोटा फंडाने सोसला म्हणतेस, पण भाडं भरायचं राहिलं ते त्या पंचविशीतल्या मुलांचं. जामीनदार तिथेही होते, अगो. फक्त त्यांना सही करायला लावली नव्हती."

लेक गप्प झाली. ती स्वतः पगारावर काम करते. तिच्या आताच्या कंपनीतही माणसं एका सकाळी कमी झालेली तिने पाहिली आहेत. मला वाटतं, या सगळ्या वादात खरा मुद्दा इथे होता. धंदा बसला तर त्याचा भार कुणावर तरी पडतोच. कर्जात तो कुणावर पडणार ते आधी लिहिलेलं असतं, आणि ती माणसं आपल्या घरातली असतात. भागभांडवलात ते लिहिलेलं नसतं, म्हणून तो पगारदारांवर, छोट्या पुरवठादारांवर, गिऱ्हाइकांवर पडतो. कर्ज चांगलं की हिस्सा चांगला, हे मला ठरवता येत नाही. पण संस्थापकाने पहिल्या दिवशी त्या माणसांची यादी करावी आणि त्यांना ती दाखवावी, हे मला ठामपणे वाटतं. माझ्या लेकीने तसं करावं असं मी तिला सांगितलं आहे.

तिने मात्र वाद सोडला नव्हता. "काटकरांची गोष्ट तू २०१० ला थांबवतोस. पुढची मी वाचून आलेय. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि मायक्रोसॉफ्टने त्यात अँटिव्हायरस फुकटच घालून दिला. जो माल हे लोक सतरा वर्षं विकत होते तो गिऱ्हाइकाला संगणकासोबत आयता मिळायला लागला. एवढी वर्षं विश्वास कमावला, गावोगावचे दुरुस्तीवाले जोडले, तरी हा घाव चुकला नाही. मग त्यांना कंपन्यांसाठी सेक्राइट हे वेगळं सुरक्षा सॉफ्टवेअर उभं करावं लागलं, संशोधनावर पैसा ओतावा लागला. २०१६ च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात आले. ३२१ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी बराच खाली बंद झाला. म्हणजे पंचवीस वर्षं सावकाश चालूनही शेवटी पळावंच लागलं. माझ्याकडे सतरा वर्षं नाहीत मामा. उद्या एखादी मोठी पेमेंट कंपनी पिग्मीचं ॲप फुकट वाटेल. तोवर मला निदान दोनशे पतसंस्थांत पोचलेलं असायला हवं."

"शेअर पडला, पण कंपनी कुणाची राहिली? बहुतांश मालकी त्या दोन भावांच्या घरातच राहिली. नफ्यात असलेली कंपनी घेऊन ते बाजारात गेले होते. घाव बसला तेव्हा काय करायचं ते त्यांनी ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही. पळायला माझी ना नाही. कुणाच्या सांगण्यावरून पळतेस, एवढंच विचारतोय."

इथे मी मध्ये पडले. पर्सिस्टंटच्या आनंद देशपांड्यांचं उदाहरण दिलं: अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट, एचपीच्या प्रयोगशाळेत नोकरी, ती सोडून १९९० मध्ये पुण्यात कंपनी. काटकरांनी मंगळवार पेठेत दुकान थाटलं त्याच वर्षी, त्याच शहरात. एकाकडे डॉक्टरेट, दुसऱ्याकडे दहावी. शेअर बाजारात पर्सिस्टंट आली २०१० मध्ये, वीस वर्षांनी. दोघांची शिक्षणं, ओळखी, गिऱ्हाइकं सगळं वेगळं, आणि तरी दोघांनाही आधी कुणाचं तरी काम नेमून करून द्यावं लागलं. त्या कामाच्या पैशातून पगार झाले. लेकीला मी एवढंच म्हटलं, की दोनशे पतसंस्था हे ध्येय चांगलं आहे, पण पहिल्या पाच कुठल्या ते सांग.

तिला तीन सांगता आल्या. त्यांतली एक मामाची.

"फुकट वापरून बघा म्हणून दिलंस की पैसे घेऊन?" दादाने विचारलं.

"सहा महिने फुकट."

"चूक. फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरची तक्रारसुद्धा कुणी करत नाही, गुपचूप बाजूला ठेवतात. थोडे घे, पण घे. पैसे भरले की संचालक मंडळात विषय निघतो, कुणीतरी विचारतो की हे चालतंय का. ते प्रश्न तुला हवेत. आणि कागदावर लिहून दे, की कंपनी विकली गेली किंवा बंद पडली तरी पतपेढीला तिच्या सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात मिळतील. तुझा फंड या कलमाला हो म्हणाला तर त्याच्याकडून पैसे घे. नाही म्हणाला तर तुझं तूच ओळख."

"हे कलम मी घालेन. पण पाच पतपेढ्या पैसे भरेपर्यंत सही थांबव म्हणशील तर ते होणार नाही. फंड थांबणार नाही, आणि मैत्रीण पगाराशिवाय किती दिवस काढणार?"

"मग तिचं नाव यादीत पहिलं लिही. आई म्हणाली त्या यादीत."

टर्म शीटवर अजून सही झालेली नाही. नोंदी परत देण्याचं कलम लेकीने फंडाच्या वकिलाकडे पाठवलं आहे आणि त्यावर बोलणी चालू आहेत. दादाला अजूनही वाटतं, की वर्षभर उशीर झाला असता तर बिघडलं नसतं. लेकीला वाटतं, की तेवढ्या वर्षात मैदान दुसऱ्याने मारलं असतं. पतपेढीच्या संचालक मंडळापुढे सॉफ्टवेअर दाखवायला कधी यावं असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मार्चअखेरीच्या आसपास फिरकू नकोस, कुणाला मान वर करायला सवड नसते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ये, आणि येताना त्या पिग्मी एजंटला आधी भेट. मशीन त्याच्या हातात असणार आहे. मंडळाने ठराव केला आणि त्याला नको असलं, तर ते चालणार नाही."